उशिरा येणाऱ्याचा हिशेब

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या होस्टेलांना रेकॉर्डेड लेक्चर पुरवायचं काम आता भाचा बघतो. आल्या आल्या त्याने माझं मल्टिकास्ट बंद केलं आणि होस्टेलागणिक एक सर्व्हर बसवला. "मामा, डिस्क स्वस्त झाली, कशाला डोकं शिणवता?"

स्विच, व्हीलॅन, आयजीएमपी हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. चित्र सुरू होऊन चार मिनिटं वीस सेकंदांनी थांबलं तर नेटवर्कात क्वेरिअर नाही, हे मी रॅक न बघता फोनवर सांगतो. सांगताना आवाज चढतो, तेही कबूल.

माझा जीव अडकला तो उशिरा येणाऱ्यात. लाइव्ह सोपं: प्रवाह एक, बघणारे कितीही. पण नीटचं फिजिक्स एक पोरगं नऊला लावतं, दुसरं नऊ वाजून सात मिनिटांनी, आणि दोघांनाही पहिल्या वाक्यापासून हवं. कीर्तनाला उशिरा आलेल्यासाठी बुवा पूर्वरंग पुन्हा सांगत नाहीत. इथे सांगावाच लागतो. चालू प्रवाह साठवत राहायचा आणि हुकलेली सात मिनिटं वेगळी द्यायची, हेही करून पाहिलं. पण मेसचं जेवण आटोपून सगळे एकदम बसले की त्या वेगळ्या तुकड्यांचीच गर्दी.

मग तैवानच्या जुन आणि त्सेंग यांची १९९८ सालची युक्ती हाती लागली. ६३ मिनिटांच्या लेक्चरचे मिनिटा-मिनिटाचे ६३ तुकडे करायचे. पहिल्या चॅनेलवर पहिलाच तुकडा फिरत राहतो, दुसऱ्यावर पुढचे दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. बघणाऱ्याचं मशीन सहाही चॅनेल एकदम साठवतं. कधीही या, मिनिटाच्या आत सुरू. २ एमबीपीएसचं लेक्चर १२ एमबीपीएसमध्ये भागतं, पोरं तीनशे असोत की तीन हजार. भाच्याच्या सर्व्हरमधून तीनशे जणांनाच ६०० जातात.

त्या मिनिटाबद्दल पोरांची तक्रार नव्हती. मलाच ते खुपायचं. सातवं चॅनेल जोडून थांबणं अर्ध्या मिनिटावर आणलं, ते नांदेडच्या एका केबलवाल्याला दाखवायला. त्याने चहा पाजला आणि बिलाबद्दल विचारलं.

हल्लीची पोरं अडचण सोडवत नाहीत, तिच्यावर हार्डवेअर टाकतात. तरी भाच्याची एक बाजू खरी: होस्टेलात आता मोबाइलवर बघतात, आणि वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात कमी वेगाने जातं; पोच येत नाही, हरवलं ते हरवलं. वायरवर मात्र त्याला तोड नाही. नांदेडच्या ज्या अभ्यासिकेत डेस्कटॉप आणि वायर आहेत, तिथे सहा चॅनेल अजून फिरतात, आणि तिथे सर्व्हर बसवायला मी भाच्याला परवानगी दिलेली नाही.