लोणारच्या कांठावरून चंद्र

चंद्राचें कौतुक आपल्याकडे कधींच उणें पडलें नाहीं. बाळाला घांस भरवितांना तो मामा होतो, संकष्टीला उपाशी बसलेल्या मंडळींना तो गच्चीच्या खेपा घालावयास लावतो, कोजागरीला आटीव दुधाच्या पातेल्यांत उतरतो, आणि भाद्रपदांतील चतुर्थीला तर त्याच्याकडे पाहणेंही वर्ज्य ठरतें. कवींनीं त्याला शीतलता दिली, पुराणांनीं ससा दिला, ज्योतिष्यांनीं मनाचें अधिपत्य दिलें. इतकें सर्व देऊन झाल्यावर एक साधा प्रश्न मात्र पुष्कळदां विचारावयाचा राहून जातो. तो आहे तरी कशाचा? या प्रश्नाचें उत्तर ज्याला नुसतें पुस्तकांतून न घेतां हातानें चांचपून पाहावयाचें असेल, त्यानें एखाद्या शुद्ध अष्टमीला बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार गांठावें. बरोबर एक कॅमेरा, एक लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स आणि एक भक्कम तिपाई असली म्हणजे पुरे.

छत्रपति संभाजीनगराहून जालना व सिंदखेडराजा या मार्गानें लोणार सुमारें दीडशें किलोमीटर पडतें. सिंदखेडराजा हें जिजाऊसाहेबांचें जन्मस्थान. तेथें घटकाभर थांबल्यावांचून पुढें जाणें मराठी माणसास शोभत नाहीं. मार्गशीर्षांत रस्त्याच्या दोन्ही अंगांस तुरीचीं व कापसाचीं शेतें उभीं असतात. लोणार गांव ओलांडून कांठावर यावें, तों पायांखालची भुई एकाएकीं संपते. समोर सुमारें १,८०० मीटर रुंदीची, जवळजवळ वाटोळी अशी एक प्रचंड परात दिसते. तिच्या उतरणीवर दाट झाडी आहे, आणि कांठापासून सुमारें दीडशें मीटर खालीं खाऱ्या, हिरवट पाण्याचें तळें पसरलें आहे. तळ्याच्या कडेला कमळजादेवीचें देऊळ आहे. वर कांठाशीं गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. खालीं खारें आणि वर गोडें, असा हा चमत्कार आहे. जून २०२० मध्यें तर हें तळें एकाएकीं गुलाबी झालें होतें; पाण्याचा खारेपणा वाढून तांबूस रंगाचे सूक्ष्म जीव माजल्याचा तो परिणाम होता.

ही परात कोणीं कोरली? पुराणकथा सांगते कीं, येथें लवणासुर जमिनीच्या पोटांत दडून बसला होता. विष्णूनें त्याचा वध केला आणि त्याच्या बिळाचा हा खळगा झाला. गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर कोरीव देऊळ ही कथा सांभाळून उभें आहे. अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ मध्यें या स्थळाची नोंद केली. परंतु पुढें दीर्घकाळ पंडितांचा कल हें ज्वालामुखीचें तोंड मानण्याकडेच होता. गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें १८९३ मध्यें चंद्रावरील विवरें बाहेरून आदळलेल्या पिंडांनीं झालीं असें मोठ्या हिरीरीनें प्रतिपादिलें होतें. पण अॅरिझोनांतील विवर प्रत्यक्ष पायांखालीं असतां त्याच गृहस्थानें तें भूगर्भांतील वाफेच्या स्फोटानें झालें असें ठरविलें. आणि लोणारचें त्या विवराशीं असलेलें साम्यही त्यानेंच १८९६ मध्यें नमूद केलें. चार लाख किलोमीटरांवरचें बरोबर ओळखलें आणि पायांखालचें चुकलें! लोणारचा वाद मिटला तो १९७३ मध्यें. जमिनींत खोल भोंकें पाडून वर काढलेल्या दगडांत, भयंकर आघाताच्या दाबानें कांचेसारखे झालेले खनिजांचे कण सांपडले. ज्वालामुखीला तसा दाब निर्माण करतां येत नाहीं. आघात केव्हां झाला याविषयीं मात्र अद्याप एकमत नाहीं. एका पद्धतीनें सुमारें ५२,००० वर्षें निघतात, दुसरीनें सुमारें ५,७०,०००.

लोणारचें खरें वैशिष्ट्य त्याच्या दगडांत आहे. हें विवर आपल्या काळवत्री दगडांत पडलेलें आहे. ज्या जातीच्या दगडाचें आपलें जातें, ज्याचा आपला पाटा-वरवंटा, तोच हा दगड. चंद्रावर आपण ज्यांना ससा म्हणतों, ते डागही याच जातीच्या दगडाचीं विस्तीर्ण मैदानें होत. १९६९ मध्यें अपोलो ११ च्या प्रवाशांनीं तेथून जे दगड आणले त्यांत काळवत्री होता. म्हणून चंद्राच्या अभ्यासकांना लोणार हें जणूं माहेर वाटतें.

आम्ही तेथें गेलों तें मुख्यतः आमच्या नानांसाठीं. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. वय ब्याऐंशी, सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, आणि त्यांतही न्यायशास्त्र हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. अलीकडे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार बळावला आहे. समोर पाहिलें तर मध्येंच धुकें येतें, वाचन सुटलें, चंद्र म्हणजे आतां त्यांना केवळ एक पांढरा डाग. मात्र उजळ पडद्यावर पुष्कळ मोठें केलेलें चित्र, मान जरा तिरपी करून, ते अजून तुकड्यातुकड्यानें पाहूं शकतात. “ही खिडकी पुरती लागण्यापूर्वीं चंद्रावरचे खळगे एकदां पाहावयाचे आहेत रे,” असें ते दिवाळींत म्हणाले, आणि मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीचा बेत ठरला. बरोबर वहिनी आणि त्यांचा मुलगा चिरंजीव अनंत, अशी आम्ही चौघें निघालों.

अष्टमीच कां, असें वाचक विचारतील. हौशी माणूस पौर्णिमेला कॅमेरा काढतो. परंतु पौर्णिमेला सूर्य चंद्रावर, आपल्या पाठीमागून आल्यासारखा, समोरून पडतो, त्यामुळें सावल्या नाहींशा होतात आणि चंद्र थाळीसारखा सपाट दिसतो. अष्टमीला प्रकाश व अंधार यांची सीमा चंद्राच्या मध्यावरून जाते. त्या सीमेवर सूर्य नुकताच उगवत असतो, आणि सकाळच्या उन्हांत जसें शेतांतील ढेकूळही लांब सावली टाकतें, तसा तेथला प्रत्येक डोंगर आणि विवराचा कांठ आपली उंची सावलीनें सांगतो. शिवाय अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळींच उंच आलेला असतो. क्षितिजाजवळच्या दाट, थरथरणाऱ्या हवेंतून त्याला पाहावें लागत नाहीं.

दुपारीं मीं नानांच्या हातीं कांठावरचा एक काळा दगड दिला. त्यांनीं तो चांचपून पाहिला. मग तो उन्हांत ठेवून मीं त्याचा फोटो घेतला. लेन्सच्या छिद्राचा अंक ११, पडद्याची संवेदनक्षमता २००, आणि शटर सेकंदाचा दोनशेंवा भाग उघडें. अनंताला सांगितलें, “हेच आंकडे लिहून ठेव, पौर्णिमेच्या चंद्रालाही हेच लागतात.” त्याला तें खरें वाटेना. रात्रीच्या आकाशांत चंद्र आपल्याला दिव्यासारखा भासतो, म्हणून कॅमेरा आपल्या बुद्धीनें काळोखाचा हिशेब करतो आणि चंद्राचा पांढरा फटफटीत गोळा करून ठेवतो. वस्तुतः चंद्र म्हणजे आपल्या इतक्याच अंतरावरून सूर्याचें ऊन खाणारा दगड. आणि दगडही कसा? पडलेल्या उजेडाचा सुमारें आठवा हिस्साच परत करणारा, जवळजवळ डांबरी रस्त्याइतका काळसर. उन्हांतल्या दगडाला जितका प्रकाश पुरतो, तितकाच त्याला पुरतो. मात्र अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देतो असें समजूं नये. तो सुमारें दहावा हिस्साच देतो, कारण तेथें ऊन तिरपें असतें. म्हणून अष्टमीला कांहींसा अधिक प्रकाश घ्यावा लागतो.

संध्याकाळीं पर्यटक निवासाच्या आवारांत तिपाई रोवली. दिवस मावळतांच थंडी पडूं लागली. विवराच्या पोटांतून मोरांचा एखादा शेवटचा केकारव आला आणि झाडी शांत झाली. चंद्र डोक्यापासून जरा दक्षिणेस होता. ६०० मिलिमीटरच्या लेन्सनें कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्राची प्रतिमा साडेपांच मिलिमीटरांची पडते. हिशेब सोपा आहे, लेन्सच्या लांबीला ११० नें भागावें. एवढ्याशा प्रतिमेंत सर्व कांहीं आणावयाचें, म्हणून यंत्राचा जराही कंप चालत नाहीं. तिपाईवर असतां लेन्समधील कंपनिवारक बंद करावा, बोटानें कळ न दाबतां दोन सेकंदांची मुदत लावावी, आणि पडद्यावर चंद्राची कडा मोठी करून हातानेंच ती रेखीव करावी. आम्हीं छिद्र ८ वर आणलें आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग ठेवलें. न्यूयॉर्कमध्यें १८४० सालीं ड्रेपर यानें चंद्राचें छायाचित्र घेतलें, तेव्हां त्याला वीस मिनिटें चंद्राचा पाठलाग करावा लागला होता. हवेचा थरथराट क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून साठ-सत्तर फोटो घेतले आणि त्यांतला सर्वांत रेखीव निवडला.

खोलींत येऊन तो लॅपटॉपवर लावीत होतों, तोंच अनंतानें आपला मोबाइल पुढें केला. त्यानेंही बाहेर उभें राहून, नुसत्या हातांत धरून, चंद्र टिपला होता. आणि सांगावयास हरकत नाहीं, तो आमच्या चित्रापेक्षां ठसठशीत होता. वहिनी म्हणाल्या, “भावजी, मामंजींना हाच दाखवा ना. केवढा स्वच्छ आहे!”

नानांनीं विचारलें, “एवढ्याशा भिंगांतून इतकें कसें आलें?”

मीं सांगितलें कीं, कांहीं मोबाइलांत चंद्राचीं असंख्य चित्रें पाहून तयार झालेली कृत्रिम बुद्धि असते. समोर चंद्र आहे असें तिनें ओळखलें, कीं न दिसलेला तपशील ती आपल्या पदरचा घालते. २०२३ मध्यें एका जिज्ञासूनें हें जगापुढें मांडलें होतें. अनंताचा चेहरा उतरला. “माझा तसला नाहीं, काका,” तो म्हणाला. तेव्हां आम्हीं तोच प्रयोग केला. आमच्या चित्राची एक प्रत मीं इतकी पुसट केली, कीं तींत एकही विवर उरलें नाहीं, नुसता धुरकट अर्धगोल राहिला. दिवे मालवले. अनंतानें खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पडद्यावरच्या त्या डागाचा फोटो घेतला. मोबाइलांत डोंगर उमटले, विवरें उमटलीं. जेथें कांहींच नव्हतें, तेथें सर्व कांहीं आलें.

खोलींत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग नानाच म्हणाले, “अनुमान वाईट नव्हे, बाळ. धूर पाहून डोंगरावरचा अग्नि ओळखावा, हें तर शास्त्रच आहे. पण अनुमानानें ‘मी अनुमान आहें’ असें कबूल केलें पाहिजे. प्रत्यक्षाचें सोंग घेऊन आलें, कीं ती लबाडी. तुम्हांला डोळे आहेत; शंका आली तर बाहेर जाऊन ताडून पाहाल. मीं कोठें जावें? मला तुम्ही जें दाखवाल तेंच दिसणार. मग थोडें दाखवा, पण आलेलें तेंच दाखवा.”

आमचें चित्रही अगदीं सोंवळें होतें असें नव्हे. त्यांतील उजेड-अंधार मींही थोडा सारखा केला होता, आणि तसें मीं नानांना सांगितलें. पण जो प्रकाश भिंगांतून आला, त्याचीच ती वांटणी होती. बाहेरून कांहीं भरलें नव्हतें. नानांनीं मान हालविली. मग अनंतच त्यांच्याजवळ बसला. चित्र मोठें करीत, एकेक तुकडा पडद्यावर आणीत, तो सांगूं लागला, “आजोबा, हीं एकाखालीं एक तीन विवरें. वरचें टॉलेमी, सुमारें १५० किलोमीटर. मधलें अल्फॉन्सस, १२०. खालचें अर्झाखेल, १००. खालच्याच्या पोटांत अजून अंधार आहे, पण कांठावर ऊन आलें आहे.” नाना मान तिरपी करून बराच वेळ पाहत होते. “कांठ दिसला,” ते म्हणाले. “आंतला अंधारही दिसला.” दुपारचा काळा दगड त्यांच्या मांडीवर होता.

रात्रीं उशिरां अनंतानें एक हिशेब मांडला. लोणारचें विवर उचलून चंद्रावर ठेवलें, तर आमच्या चित्रांत तें केवढें दिसेल? चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. आमच्या चित्रांत तो सुमारें १,४०० ठिपक्यांचा. म्हणजे एका ठिपक्यांत अडीच किलोमीटर. लोणार तर पावणेदोन किलोमीटरांच्या आसपास! जें पाहून दुपारीं आमचे पाय कांठावर थबकले, तें आमच्या चंद्रावर एका ठिपक्यालाही पुरलें नसतें. आपल्या चित्रानें काय दाखविलें याइतकेंच, काय दाखवूं शकलें नाहीं हेंही त्या आंकड्यानें कळलें. आणि तें त्या मुलानें स्वतः होऊन वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवलें.

जाणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. विवराचा परिसर अभयारण्य आहे, आणि २०२० पासून तळ्याला रामसर स्थळाचा मान आहे. तेव्हां खालीं उतरावयाचें तें दिवसा आणि नियम पाळून. रात्रीं कांठावरूनच चंद्र पाहावा, आणि विवरांतील दगड खिशांत घालूं नये, चांचपून जागच्या जागीं ठेवावा. अष्टमीला जमलें नाहीं, तर नवमी-दशमीही चांगली. त्या रात्रीं कोपर्निकस हें सुमारें ९३ किलोमीटरांचें देखणें विवर उन्हांत येतें. लांब लेन्स नसली तरी ३०० मिलिमीटरांत पुष्कळ दिसतें. घरांत कोणी वडीलधारें माणूस दृष्टीला पारखें होत चाललें असेल, तर त्यास अवश्य बरोबर न्यावें, आणि चित्र दाखवितांना त्यांतलें आलेलें किती आणि आपण केलेलें किती, हें त्यास आधीं सांगावें.