नळी जितकी आखूड

आमच्या घरात बाराबोरची बंदूक माझ्या जन्माआधीपासून आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याकडच्या डोंगराला लागून आमची जमीन. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं उतरायची. आता त्यांच्या जोडीला रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप येतात आणि सोयाबीन, हरभरा तुडवत जातात. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पीकसंरक्षणासाठी परवाना काढला होता. रात्री माळ्यावर बसायचं, हवेत एक बार काढायचा, की पहाटेपर्यंत रान शांत. ती लांबलचक बंदूक खांद्यावर टाकून अण्णा गावातून निघाले की ते कुठं निघाले आणि कशाला, हे साऱ्या गावाला कळायचं.

म्हणून मी रिव्हॉल्व्हरचा अर्ज करायचं म्हणालो तेव्हा घरात कुणी फारसं दचकलं नाही. एक आहेच, आता दुसरं. कायद्याच्या नजरेत मात्र या दोन वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते का आहे हे मला अर्ज करताना कळत गेलं.

वसमतच्या मोंढ्यात माझी हळदीची अडत आहे. फाल्गुनापासून हळद यायला लागते. शेतकरी ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणतो. सौदा होतो, काटा होतो, आणि पट्टी हातात पडली की त्याला रोख हवी असते. मजुरांचं देणं असतं, दुकानदाराची उधारी असते, पोरीचं लग्न धरलेलं असतं. 2022 च्या हंगामात माझ्या मुनिमाला संध्याकाळी रस्त्यात अडवून दोघांनी बॅग ओढून नेली. डोक्यात रॉड बसला. गुन्हा दाखल झाला, मुनीम बरा झाला, पण त्याची आई मला भेटायला आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. त्या आठवड्यात मी ठरवलं की पैसे स्वतः न्यायचे आणि सोबत हत्यार ठेवायचं.

आपल्याकडे बिनापरवाना बंदूक विकतच घेता येत नाही. ग्रामीण भागात परवाना देणारे जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. आधी ऑनलाइन अर्ज, मग त्याची प्रत आणि कागदपत्रं गृह शाखेत. रहिवासाचा पुरावा, आयकर विवरणपत्रं, वयाचा दाखला (एकवीस पूर्ण असावे लागतात), शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. कागद जमवणं काही अवघड नाही. अवघड आहे तो रकाना, जिथं हत्यार कशासाठी हवं ते लिहायचं असतं.

तो रकाना भरण्याआधी मी 1959 चा शस्त्र अधिनियम आणून वाचला. वकिलाने सांगितलेलं ऐकण्यापेक्षा मूळ वाचलेलं बरं, हे मला बाजार समितीच्या नियमांनी शिकवलं आहे. कलम 13 मध्ये सगळं आहे. शेतकऱ्याने पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, किंवा नागरिकाने संरक्षणासाठी अथवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी बंदूक मागितली, तर नकार देण्याजोगं काही नसल्यास परवाना द्यावा, असा कायद्याचा कल आहे. बाकी कुठलंही अग्निशस्त्र मागितलं, की ‘योग्य कारण’ पटवून देण्याचा भार मागणाऱ्यावर येतो. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल या ‘बाकी’त येतात. 2016 च्या नियमांत ही कारणंही सांगितली आहेत: धंद्याच्या किंवा पेशाच्या स्वरूपामुळे जिवाला, मालमत्तेला खरा धोका, किंवा नेमबाजी क्लबचं सक्रिय सदस्यत्व, किंवा सैन्य-पोलिसातली नोकरी. प्रतिष्ठा हे कारण कुठंही नाही. आणि 9 एमएमसारखी निषिद्ध बोअरची हत्यारं तर जिल्ह्याच्या अखत्यारीतच नाहीत.

नळी जितकी आखूड, तितका कायदा कडक. खांद्यावरची बंदूक चारचौघांना दिसते. कमरेचं रिव्हॉल्व्हर शर्टाखाली झाकलं जातं. जे दिसत नाही त्याबद्दल आधी विचारलं पाहिजे, यात मला अन्याय वाटला नाही.

ज्यांना हा कायदा इंग्रजांचं उरलेलं जोखड वाटतो, त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. 1878 च्या कायद्याने देशाला निःशस्त्र केलं होतं. गांधीजींनी 1930 साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्यांची मागणी होती, आणि 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. आमच्या भागाला तर निःशस्त्र असणं म्हणजे काय हे अंगावर ठाऊक आहे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या हाती बंदुका आणि गावांच्या हाती काठ्या, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान मोकळं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामतांनी शस्त्र बाळगणं मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्यकारभार कसा चालायचा, असा त्यांचा मुद्दा होता. मी दोन्ही बाजू पुष्कळ वेळा मनात घोळवल्या आहेत, आणि माझं मत बाबासाहेबांकडे झुकतं. रझाकारांचा धडा मला असा दिसतो की हत्यार कुणाकडे आहे याचा हिशेब राज्याने ठेवला नाही, तर ते आधी गुंडांच्या हाती जातं.

अर्ज पोलिसांकडे गेला. चौकशीला आलेल्या फौजदारांनी शेजाऱ्यांचे जबाब घेतले, घरात भांडणं होतात का, दारू आहे का, जमिनीचा वाद आहे का, हे विचारलं. माझ्या बायकोला वेगळं बसवून तिचं म्हणणं ऐकलं. ते मला फार योग्य वाटलं. हत्यार ज्या घरात राहणार, तिथल्या बाईला कुणी तरी विचारायलाच हवं.

मग त्यांनी मला विचारलं, “शेठ, बॅग घेऊन चोर पळायला लागला, तर काय करणार?”

“झाडणार,” मी म्हणालो.

“मग चोर दवाखान्यात आणि तुम्ही कोठडीत.”

त्या दिवसानंतर मी खाजगी बचावाच्या हक्काची कलमं वाचली. तेव्हा ती भारतीय दंड संहितेत 96 ते 106 होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 आहेत. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतची मुभा फार थोड्या प्रसंगी आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा मृत्यूची वा जबर दुखापतीची खरी भीती वाटावी अशी चोरी. शिवाय बचावाला आवश्यक तेवढंच बळ, त्याहून जास्त नाही. भीती संपली की हक्क संपला. पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी घालणं म्हणजे बचाव नव्हे. ज्याला हे ठाऊक नाही त्याला कमरेचं हत्यार तुरुंगातच नेणार.

प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेलो. सैन्यातून निवृत्त झालेल्या तिथल्या प्रशिक्षकांनी पहिले काही तास गोळी दाखवलीच नाही. हत्यार रिकामं आहे असं कधी धरायचं नाही. नळी माणसाकडे वळवायची नाही. निशाण ठरेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. हे इतक्या वेळा म्हणवून घेतलं की आता घरात पोरांची खेळण्यातली बंदूक उचलतानाही माझं बोट आपोआप बाहेर राहतं. पहिला बार काढला तेव्हा मनगटाला झटका बसला आणि गोळी कागदाच्या बाहेर गेली. सिनेमात धावत्या गाडीतून नेम धरतात. इथं दहा पावलांवर, शांत उभं राहून, श्वास रोखूनही नेम चुकतो. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, रस्त्यावर माणसं असताना काय होईल, याचा विचार माणसाने तिथंच करून घ्यावा.

परवाना मंजूर झाला. त्यावर युनिक क्रमांक, कोणत्या बोअरचं हत्यार, किती काडतुसं, कुठल्या हद्दीपर्यंत, सगळं नमूद. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 रिव्हॉल्व्हर घेतलं, ठाण्यात दाखवून नोंद केली, भिंतीत तिजोरी बसवली. बाहेर नेताना ते होल्स्टरमध्येच हवं. ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, मुलाने फोटोसाठी मागितलं तरी नाही, कारण परवाना घराला मिळत नाही, एका माणसाला मिळतो.

बाराबोरचा प्रश्न त्याच सुमारास सोडवला. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. अण्णा दोन्हींत बसत होते. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं राहू शकतात. बाराबोर धरून माझी दोन झाली, हद्द संपली. अण्णा एवढंच म्हणाले, “कामून आता दोन-दोन? एक तरी शेतातच राहू दे.” पण परवानाधारकाचं हत्यार शेतावरच्या खोपीत ठेवता येत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

पुढच्याच हंगामात लोकसभेची निवडणूक आली. हिंगोलीत 26 एप्रिल 2024 ला मतदान होतं. आचारसंहितेत हत्यारं जमा करून घेतात, कुणाची घ्यायची याची छाननी समिती करते. मी रिव्हॉल्व्हर जमा केलं, पावती घेतली. म्हणजे मोंढ्यात हळदीचे ढीग, रोख पैसे सर्वात जास्त फिरण्याचा काळ, आणि रिव्हॉल्व्हर ठाण्यात. ज्या काळासाठी ते घेतलं तो काळ त्याच्याविना काढायचा होता. म्हणून बहुतेक शेतकऱ्यांना पट्टीचे पैसे बँकेत घ्यायला तयार केलं. काहींनी कुरकुर केली, एक-दोन दुसऱ्या अडतीवर गेले. बाकीचे राहिले, आणि नंतरच्या हंगामातही बँकेतच पैसे घेतात. मुनीम आता मोकळ्या हाताने घरी जातो.

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची, संतोष देशमुखांची, हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातले हजाराहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले. लोक हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. पुढे तिथले बरेच परवाने रद्दही झाले. लग्नात, मिरवणुकीत असा बार काढला तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. मला त्या दिवसांत मनापासून राग आला होता. माझ्या बायकोला वेगळं बसवून विचारणारे ते फौजदार प्रत्येक अर्जाच्या वाटेत उभे असते, तर यातले कितीतरी परवाने निघालेच नसते.

त्यानंतर माझ्याकडे विचारायला येणारे वाढले. कुणाला गावातल्या राजकारणासाठी हवं असतं, कुणाला नुसतं कमरेला. त्यांना मी तो रकाना दाखवतो. परवा सेनगावकडचा एक तरुण शेतकरी आला. रोह्यांनी हरभरा संपवलेला, रात्री जागून डोळे लाल. त्याला पिस्तूल हवं होतं. त्याला सांगितलं की पीक राखायला पिस्तूल मिळणार नाही, त्यासाठी बंदुकीचाच अर्ज कर, कलम 13 तुझ्या बाजूने आहे. आणि बंदूक मिळाली तरी रोही मारायचा नाही. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, बंदूक आवाज करून हुसकायला. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे टाकलास का, विचारलं. टाकला नव्हता. तर आधी तो भरायला घेतला, सातबारा आणि पिकाचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होतेच, आणि मग बंदुकीचा.