कंधारचा कोट आणि कोरी चौकट

नांदेडहून कंधारला गेलो तेव्हा सोबत वृद्ध आई होती आणि गळ्यात सोव्हिएत बनावटीचा झॉर्की-४ कॅमेरा. खंदकाने वेढलेला भुईकोट सामावावा म्हणून ३५ मिलिमीटरचे भिंग लावले. कॅमेऱ्याची खिडकी ५० चीच चौकट दाखवते. तट अंदाजानेच बसवला. मग आईसाठी ५० चे भिंग चढवले. रेंजफाइंडरच्या खिडकीत दोन प्रतिमा एकरूप झाल्या, की अंतर जुळते. आईचे हसू स्पष्ट दिसले. मात्र ही खिडकी भिंगातून पाहत नाही, त्यामुळे भिंगावरचे झाकण दिसलेच नाही!

रोल धुतला. तट उत्तम आला. आईची चौकट कोरी. आज आई नाही. प्रवासात भिंग कोणतेही निवडावे. आपल्या माणसाचे छायाचित्र मात्र आधी, झाकण काढून घ्यावे.