थिमॅटिक

हल्ली लग्नाचा मांडवही 'थिमॅटिक' असतो, म्हणजे पडदे, फुले आणि करवल्यांच्या साड्या एका रंगाच्या! शब्दाचा अर्थ एवढाच नाही हो. ग्रीकमध्ये 'थेमा' म्हणजे मांडून ठेवलेली गोष्ट. त्यामागचे 'ठेवणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद आणि संस्कृत 'धा' धातू एकाच कुळातले. म्हणजे थीमची चुलत भावंडे आपल्याच घरात आहेत: विधान, निधान, समाधान.

आमच्या कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याचेच घ्या. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये इथे लिहिला असे आम्ही विदर्भातले मानतो; अंबाजोगाईकर वेगळे सांगतात, ते असो. त्यात सृष्टीची उत्पत्ती येते, देहाचा विचार येतो, गुरुशिष्यांचा संवाद चालतो. विषय अनेक, सूत्र एकच: अद्वैत. त्या सूत्राला धरून असेल ते थिमॅटिक. विषय आणि सूत्र यांत मुले परीक्षेत हमखास गोंधळायची. टपाल तिकिटांच्या संग्रहाला 'विषयवार' चालेल, कवितेला 'आशयसूत्र'च हवे.

नातीला तिच्या प्रबंधासाठी मी 'आशयसूत्रात्मक' सुचवले. तिने 'थिमॅटिक'च ठेवले. मार्गदर्शकांना तेच कळते म्हणे. प्रबंध मराठी कवितेवर आहे, बरं का.