किती टक्के चालेल?

बायोडिझेलचा विषय निघाला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं. माझं गॅरेज वाईत आहे. वर पसरणीचा घाट, घाटमाथ्यावर पाचगणी, पुढे भिलार, महाबळेश्वर आणि पलीकडे उतरलं की तापोळा. या पट्ट्यात फोर बाय फोर गाडी हौसेपेक्षा कामाला जास्त लागते. स्ट्रॉबेरीचे क्रेट शेतातून वर सडकेपर्यंत आणायचे, पावसाळ्यात लाल चिखलातून दुधाचे कॅन काढायचे, आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचवायचं. दारात येतात त्या जुन्या एमएम ५४०, एमडीआय इंजिनाच्या थार, आणि अलीकडे बीएस-६ मधल्या नव्या थार. सगळ्या डिझेलवरच्या, पण इंधनाच्या बाबतीत एकीचा नियम दुसरीला लागू पडत नाही. म्हणून मी टक्का सांगायच्या आधी उलटे प्रश्न विचारतो. इंजिन कोणतं? टाकी शेवटची कधी उतरवली होती? रात्री गाडी वर उभी असते की खाली? पावसाळ्यात किती महिने झाकलेली असते? आणि हे बायोडिझेल कोणत्या तेलापासून केलंय? ही उत्तरं मिळाली की टक्का आपोआप ठरतो.

काही जण त्याच्याही पुढे जातात. ‘तळणाचं तेल फडक्यातून गाळून सरळ टाकीत ओतलं तर?’ आणि दाखला थेट रुडॉल्फ डिझेलचा देतात. दाखला खरा आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण ते एका जागी बसवलेलं, संथ चालणारं इंजिन होतं. आपल्या पंपाला नि नोझलला लागतं पातळ इंधन. चाळीस अंशांना डिझेलचा दाटपणा दोन ते साडेचार सेंटीस्टोक, आणि खाद्यतेलाचा तीस-चाळीसच्या घरात. एवढं दाट तेल नोझलमधून नीट फवारत नाही, त्याची धार पडते. अर्धवट जळलेलं तेल नोझलच्या तोंडाशी कोळशासारखं साचतं, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, उरलेलं खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. चार दिवस गाडी झकास पळते आणि मग इंजिन खोलावं लागतं.

बायोडिझेल म्हणजे गाळलेलं तेल नव्हे. तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया करतात, कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश ती घडवून आणतो. तेलाच्या रेणूतलं ग्लिसरीन सुटून तळाशी बसतं आणि वर राहतं ते मिथाइल एस्टर, दाटपणाने डिझेलच्या जवळपास. मग ते धुवायचं, पाणी काढायचं, वाळवायचं. हे काम कारखान्यात व्हावं, परसात नव्हे, यावर मी ठाम आहे. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ पेट घेते आणि ज्वाळा दिवसाउजेडी धड दिसतही नाही. मी तपासणीचा दाखला असलेलं बायोडिझेलच घेतो आणि दाखल्यावर तारीख पाहतो.

दाखला असला तरी कॅन उघडल्यावर माझं माझं पाहून घेतो. काचेच्या बारीक नळीत सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉल आणि त्यात तीन मिलिलिटर बायोडिझेल घालून हलवायचं. सगळं तेल एस्टर झालं असेल तर द्रावण नितळ राहतं. प्रक्रिया अर्धवट राहिली असेल तर कच्च्या तेलाचा थेंब तळाशी गोल होऊन बसतो, नळी तिरकी केली की सरकताना दिसतो. दुसरी तपासणी पाण्याची. बाटलीत निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल घालून जोरात हलवायचं आणि फळीवर ठेवायचं. चांगला माल पाण्यापासून लवकर वेगळा होतो, मधली रेघ स्वच्छ दिसते. साबण राहिला असेल तर मध्ये दह्यासारखा थर धरतो आणि तो हलत नाही. हायड्रोमीटरही जवळ असतो. बायोडिझेलची घनता घनमीटरला ८६० ते ९०० किलोमध्ये बसायला हवी. हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणारा काही माल त्याच्या बराच खाली दाखवतो आणि वासाला रॉकेलसारखा असतो. तो बायोडिझेल नव्हेच. त्याने पंप गेला की बदनामी खऱ्या मालाची होते, याचा मला मनापासून राग येतो.

आता जुन्या गाडीकडे येऊ. भिलारचे एक अण्णा आपली एमडीआय थार घेऊन आले. वीस टक्के मिश्रण भरल्यापासून गाडी चढाला दम टाकते, लो गिअरमध्ये धक्के मारते. ‘तुमच्या बायोडिझेलनं पंप खाल्ला बघा,’ म्हणाले. मी पंपाला हात लावला नाही, आधी फिल्टर उतरवला. भांड्यातलं इंधन पांढऱ्या वाटीत ओतलं तर चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ. फिल्टरचा कागद ब्लेडने कापून उलगडला, तर प्रत्येक घडीत तीच काळी चिकटी बसलेली, बोटाने पुसली तर डाग जाईना.

‘अण्णा, ही घाण बायोडिझेलची नाही. तुमच्या टाकीत ती गेली कित्येक वर्षं होती. ह्यानं फक्त सोडवून आणली.’

‘मग आता?’

‘आता टाकी उतरवू.’

टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षं जो राळेसारखा थर धरतो, तो साध्या डिझेलने सुटत नाही. बायोडिझेलने सुटतो, आणि सुटला की सगळा फिल्टरमध्ये येतो. इंजिनाला इंधन कमी पडतं आणि पंप गेल्याची सगळी लक्षणं दिसतात. फोर बाय फोरला हे जास्त जाणवतं, कारण ती सपाट चालतच नाही. निम्म्या टाकीवर गाडी तिरकी चढते, डचमळून तळाचा गाळ ढवळतो आणि पाइपाच्या तोंडाशी येतो. ओढा ओलांडताना झाकणातून शिरलेलं पाणीही तळाशीच असतं, आणि बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं. म्हणून जुन्या गाडीला मिश्रण सुरू करायचं तर आधी टाकी धुवायची, एक जास्तीचा फिल्टर सीटखाली ठेवायचा, आणि फिल्टर बदलल्यावर हाताच्या पंपाने एअर कशी काढायची हे मालकाला शिकवायचं. तापोळ्याच्या उतारावर रात्री मी नसतो.

रबराचं वेगळं पाहावं लागतं. जुन्या गाड्यांचे इंधनाचे पाइप आणि ओ-रिंग साध्या किंवा नायट्राइल रबराच्या. बायोडिझेलने त्या हळूहळू फुगतात, मऊ पडतात. पहिला बळी नोझलवरून टाकीकडे परत जाणारा बारीक पाइप. तो आधी घामेजतो, त्यावर धूळ चिकटून काळी पट्टी दिसते. वीस टक्क्यांना हे सावकाश होतं, पण होतं. मी तिथे व्हायटॉनचा पाइप घालतो. महाग पडतो, तरी घालतो. तांब्या-पितळेच्या तुकड्यांनी इंधन लवकर खराब होतं, म्हणून कोणी मधे पितळी कॉक बसवला असेल तर तोही काढतो.

एवढं केलं की एमडीआयसारखं मेकॅनिकल पंपाचं इंजिन वीस टक्के आनंदाने घेतं. ताकदीत फरक म्हणाल तर निव्वळ बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा आठ-नऊ टक्के कमी असते, वीस टक्क्यांच्या मिश्रणात तो फरक एक-दोन टक्क्यांवर येतो. चढावर पायाला कळत नाही. धूर कमी झालेला मात्र डोळ्यांना दिसतो, कारण या इंधनात वजनाच्या सुमारे अकरा टक्के ऑक्सिजन असतो. आणि पंपाला वंगण मिळतं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमवर आलं. गंधक काढताना डिझेलचं मूळचं वंगण कमी होतं, म्हणून रिफायनरीत त्यात वेगळं मिसळावं लागतं. दोन टक्के बायोडिझेलही ती उणीव भरून काढतं.

आमच्याकडे खरी परीक्षा थंडीची. वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दव गोठतं, त्या हवेत गाडी उघड्यावर असते. बायोडिझेल ज्यापासून होतं ते आपल्याकडचं तळणाचं तेल बहुतांशी पाम तेल. त्यात पामिटिक आम्ल चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये दहा-अकरा. हे संपृक्त आम्ल सरळ साखळीचं, गारवा लागला की रेणू एकमेकांना बिलगून स्फटिक धरतात. त्यामुळे पाम तेलाचं निव्वळ बायोडिझेल तेरा ते सोळा अंशांच्या आसपासच धुकट होतं, तर सोयाबीनचं शून्याच्या जवळपास. फिल्टरला धुकं नि गाळ सारखाच. सेल्फ मारला की गाडी चालू होते, दोन मिनिटांनी बंद पडते, आणि ऊन वर आल्यावर काही झालंच नाही अशी चालू होते.

या गुणाला दुसरी बाजू आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. थंडीत नडणारं पाम साठवणुकीत टिकाऊ. सोयाबीनसारखं असंपृक्त तेल थंडीत पातळ राहतं, पण हवेने लवकर बिघडतं, आंबट होतं, चिकट राळ धरतं. म्हणजे रोज चालणाऱ्या महाबळेश्वरच्या गाडीला एक तेल चांगलं आणि वाईतल्या शेडमध्ये चार महिने झाकून ठेवायच्या गाडीला दुसरं. म्हणूनच मी कोणत्या तेलाचं म्हणून विचारतो. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर मी टाकी साध्या डिझेलने काठोकाठ भरायला सांगतो. रिकाम्या जागेतली दमट हवा आत पाणी सोडते, आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते. बायोडिझेल असलं की जास्तच.

प्रत्येक नव्या कॅनमधलं मिश्रण मी काचेच्या बाटलीत घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवतो, शेजारी थर्मामीटर. सकाळी बाटली खिडकीशी धरून मागची छापील अक्षरं वाचता येतात का ते पाहतो. अंधुक दिसली तर तो माल वरच्या गाड्यांना नाही. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड, त्यामुळे आधी ते ओतून वरून डिझेल सोडलं तर गारठ्यात तळाशी थर करून राहतं आणि इंजिनाला पहाटे निव्वळ बायोडिझेल जातं. म्हणून डिझेल आधी, बायोडिझेल वरून, आणि तेही उन्हात कोमट झालेलं. दिवाळीनंतर वरच्या गाड्या मी विसावरून पाचावर आणतो. होळी झाली की पुन्हा वीस.

नव्या बीएस-६ गाड्यांना मात्र मी पंपावर मिळणाऱ्या डिझेलखेरीज काहीही टाकू देत नाही. भारतीय मानकाप्रमाणे साध्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं, तेवढं पुरे. कारण वॉरंटीपुरतं नाही. या गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ असतो. तो भरला की काही इंजिनं थोडं इंधन उशिरा सिलिंडरमध्ये सोडून ती काजळी जाळतात. त्यातलं काही इंधन रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिझेल असेल तर तापलेल्या ऑइलमधून बरंचसं उडून जातं. बायोडिझेल जास्त तापमानाला उकळतं, ते तिथेच मुक्काम करतं आणि ऑइल पातळ करतं. त्यात आमच्या गाड्या लो गिअरमध्ये, शेताच्या वाटेवर, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या. डीपीएफ पुरता तापतच नाही, म्हणून पुन्हा पुन्हा जाळावं लागतं. डिपस्टिकवर ऑइलची रेघ खाली यायच्या ऐवजी वर चढलेली दिसली की समजावं. हायवेला पळणाऱ्या गाडीपेक्षा डोंगरातल्या गाडीने याबाबतीत जास्त जपावं.

एवढी उठाठेव कशासाठी, असं विचारणारे असतात. लिटरमागे काही रुपये वाचतात म्हणून नाही, ते फिल्टर-पाइपात जातात. मला वापरलेलं तळणाचं तेल पुन्हा माणसांच्या पोटात जायला नको आहे. बायोडिझेलसाठी लावलेल्या मोगली एरंडाचे दिवसही मी पाहिलेत. २००३ नंतर सगळीकडे त्याचाच बोलबाला होता, पडीक माळावर तेल पिकेल म्हणून लोकांनी बांधाबांधाला लावला. झाड जगलं, पण पाण्यावाचून बिया धरेना. वापरलेल्या तेलाला रान लागत नाही, ते रोज आपोआप तयार होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला की तेलातली ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांवर गेली की त्यात तळायचं नाही, आणि त्याच वर्षी असं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची रुको मोहीम काढली. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला हिशेब ठेवावा लागतो. पण बाजारातला वडापावचा गाडा त्या पन्नासापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या कढईतलं काळं तेल डब्यात भरून कोणी तरी उचलतं आणि अजून छोट्या गाड्यावर स्वस्तात विकतं.

बायोडिझेलसाठी तेल गोळा करणारी गाडी चार डब्यांसाठी इथवर येत नाही, भरभक्कम माल असेल तरच येते. म्हणून गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डबे ठेवायची सोय केली आहे. गाडेवाले शनिवारी आणून देतात, मी वजन करून चिठ्ठी लावतो. फरसाणवाले अजून तयार नाहीत. उचलणारा त्यांना जो भाव देतो त्याहून किलोला दोन-तीन रुपये जास्त मिळाले तर देऊ म्हणतात, आणि ते जुळवायचं बोलणं सध्या चालू आहे.