वर किती जायचं?



गेल्या वर्षी वैशाखात सूनबाईने जेवताना सांगितलं, "आई, आमचा सायकलचा ग्रुप जूनमध्ये मनाली ते लेह जातोय. मी पण नाव दिलंय." मी लगेच म्हटलं, "आणि नातवाचं कोण बघणार?" खरं तर नातू नववीत आहे, स्वतःचा डबा स्वतः भरतो. मला भीती वाटली होती, आणि थोडा हेवाही वाटला होता. आज कबूल करते.

माझं माहेर इंदापूरचं. बी. कॉम.साठी मी बारामतीला मामांकडे राहिले आणि तीन वर्षं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात सायकलवरून गेले. लग्न ठरलं तशी सायकल धाकट्या भावाकडे गेली. कुणी काढून घेतली नाही, पण परत कुणी दिलीही नाही.

सूनबाई मात्र वर्षभर तयारी करत होती. पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, रविवारी थेट इंदापूरला माझ्या भावाकडे. पन्नास किलोमीटर जाऊन नाश्ता करून परत. गाळपाच्या दिवसांत त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, म्हणून ती घरी येईपर्यंत माझी माळ चालूच असायची. आपल्याकडे सगळं सपाट. चढाच्या सरावासाठी सगळे दिवेघाटात जायचे.

मी नकाशा काढून बसले. रोहतांगवरून गेलं तर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. रोहतांग ३,९७८ मीटर, पुढे बारालाचा सुमारे ४,९०० आणि तंगलंग ला ५,३०० च्याही वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे बारालाचाला जायचं तर तीन कळसूबाई एकावर एक!

मग डब्याचा प्रश्न. माझ्या शोधाच्या स्वयंपाकात उन्हाळ्यात पिठाची मर्यादा पाच दिवस. प्रवास पंधरा दिवसांचा. कितीही हिशोब केला तरी जमा-नावे जुळेना. शेवटी सूनबाईच म्हणाली, "आई, तुमचं सगळं मला तिथे जमणार नाही. पण रात्रीचं जेवण नाही आणि कंदमूळ नाही, हे दोन मी पाळीन." उत्तरेला उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण जमण्यासारखं होतं. मी मूगडाळ, राजगिऱ्याचे लाडू आणि सुका मेवा बांधून दिला. कुकर न्यायलाच लावला. दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. चार हजार मीटरच्या वर ते ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ कशी शिजणार?

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही मंदिरात गेलो. मी तिला दिग्व्रताची आठवण करून दिली. आपण दिशांची मर्यादा घेतो ती जन्मभराची, आणि थोड्या काळापुरती घेतो ते देशव्रत. या मर्यादेत वरची दिशाही येते, म्हणून तर अतिचारांमध्ये ऊर्ध्वव्यतिक्रम सांगितला आहे. मी विचारलं, "तू वर किती जाणार?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग देवासमोर म्हणाली, "डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर तिथून एक पाऊलही वर नाही. माझं असो वा सोबतच्या कुणाचं."

हा डॉक्टरांचाही नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, त्रास सुरू झाला तर आणखी चढू नये, त्रास वाढला तर खाली उतरावं.

केलाँगपर्यंत रोज फोन यायचा. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला तो परत केलाँगहूनच. झिंगझिंगबारच्या मुक्कामी तिच्या मैत्रिणीचं डोकं ठणकू लागलं, सकाळी उलट्या झाल्या. मैत्रीण म्हणत होती, "गोळी घेते, येते, खिंड एवढी जवळ आलीय." सूनबाईचं स्वतःचं काहीच दुखत नव्हतं. पण तिने दोन्ही सायकली सोबतच्या गाडीवर चढवल्या आणि मैत्रिणीला घेऊन खाली उतरली. केलाँगला पोचेपर्यंत मैत्रिणीला बरं वाटू लागलं होतं. बाकीचा ग्रुप लेहला पोचला. फोनवर सूनबाई रडत होती. म्हणाली, "आई, वर्षभर सायकल चालवली हो मी."

मी काय बोलणार? "नियम पाळलास ना, मग झालं," एवढंच म्हटलं. पण खरं सांगते, पुढचे आठ दिवस मंदिरात बायका "लेह गाठलं का?" असं विचारायच्या तेव्हा "नाही" म्हणताना माझीच मान खाली जायची. सूनबाईने ते पाहिलं. तिला त्याचं जास्त लागलं असणार.

दिग्व्रताचा शेवटचा अतिचार स्मृत्यंतराधान, म्हणजे आपण घेतलेली मर्यादा विसरणं. इतकी वर्षं मला वाटायचं, हा कसला अतिचार? आपण घेतलेलं आपण विसरू कसं? आता कळतं. सगळे पुढे चाललेत, खिंड समोर दिसतेय, पैसे भरलेत, घरी जाऊन काय सांगायचं, अशा वेळी माणूस विसरतो. ती विसरली नाही. घरात बसून मीच विसरले होते.

चातुर्मासात एकदा सगळ्या बायकांसमोर मी हे सांगितलं आणि तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "आई, खिंड कुठे जात नाही."

या जूनला ती पुन्हा जाणार आहे. आणि मुलाने मला एक साधी लेडीज सायकल आणून दिली आहे. सकाळी दर्शनाला तीच घेऊन जाते. माझी मर्यादा सध्या कालव्याच्या पुलापर्यंत.