न झालेल्या चोरीचा परतावा

संपादकांना हवा होता ‘सायबर चोरांपासून वाचण्याचे दहा उपाय’ छापाचा लेख. ओटीपी कुणाला सांगू नका, एवढं सांगून मी मोकळा होतो. सोसायटीतली मंडळीही मला फेसबुक हॅक झालं की गाठतात. माझं काम तेवढंच, असा समज आहे.

सध्या मला छळतोय तो चाकणचा एक कारखाना. तिथले अर्थप्रमुख म्हणाले, “तीन वर्षांत एकदाही हल्ला झाला नाही. मग सायबर सुरक्षेवर दरवर्षी हे तीस लाख कशाला? रिटर्न दाखवा.”

प्रश्न रास्त आहे. उत्तराची रीतही जुनी; अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेने 1979 सालीच ती छापली. एका हल्ल्याचं नुकसान गुणिले वर्षातली वारंवारता. समजा, नुकसान 10 कोटी आणि हल्ला वीस वर्षांतून एकदा. म्हणजे वर्षाला 50 लाख. आपल्या उपायाने त्यातलं 80 टक्के टळलं, तर वाचले 40 लाख, खर्च 30. परतावा 33 टक्के. संचालक मंडळ खूश.

आता वीसच्या जागी तीस वर्षं घाला. तोच उपाय उणे 11 टक्क्यांवर येतो. वीस की तीस, हे ठरवतं कोण? मीच, चहा पिता पिता.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली तोतया यंत्रणा बसवली, आणि 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एकूण फटका 94 कोटींचा. बँक 1906 सालची. 2018 च्या जुलैत तिथे वारंवारतेच्या रकान्यात कुणी काय लिहिलं असतं? त्याआधीच्या वर्षी युक्रेनवर सोडलेल्या नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि त्यात न्हावाशेव्याचं एक टर्मिनल अडकलं. हे कुठल्या रकान्यात घालायचं?

इथे थोडं किचकट लिहितो, संपादकांनी कात्री लावू नये. गॉर्डन आणि लोब या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी 2002 साली मांडलं की, काही गृहीतकांखाली, संरक्षणावरचा खर्च अपेक्षित नुकसानाच्या सुमारे 37 टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. आणि 37 टक्के अपेक्षित नुकसानाचे, आयटी बजेटचे नव्हेत! पुढे विलेमसन या संशोधकाने गृहीतकं जराशी बदलून ही मर्यादा ओलांडता येते हे दाखवलं. तरी आमचे सल्लागार बंधू स्लाइडवर ‘37 टक्के’ ठळक अक्षरांत छापतात. त्याचा मला मनस्वी राग येतो.

मोजता येतं ते वेगळंच असतं. घुसखोर किती दिवसांनी सापडला, बॅकअपवरून सर्व्हर उभा करायला किती तास लागले. त्या कारखान्यात आम्ही एका रविवारी ते करून पाहिलं. कागदावर चार तास होते, प्रत्यक्षात एकोणीस लागले. लाइन बंद राहिली तर तासाला किती बुडतात, हे अर्थप्रमुखांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते गप्प झाले, मग म्हणाले, “बरोबर आहे, पण बोर्डाला टक्केवारी लागते.”

उणे 11 ते 33, अशी दिली. इतिवृत्तात 33 आलं.